तुरळक ठिकाणी, अधूनमधून

हवामान अंदाजातली इंग्रजी इतकी मोघम का असते, यावर सामान्य वाचकाला समजेल असं काही लिहा, अशी या अंकाच्या संपादकांची मागणी होती. प्रस्तुत लेखकाची नोकरी पर्जन्यमापक आणि हवामानाचे नकाशे यांतच गेली, त्यामुळे 'मोघम' हा शब्द त्याला लागला. इंटरमिटंट, शॉवर, ऑकेजनल, आयसोलेटेड, स्कॅटर्ड हे शब्द कानाला सैल वाटतात खरे. पण हवामानशास्त्रात त्या प्रत्येकाला व्याख्या आहे, आणि काहींच्या मागे चक्क टक्केवारी आहे.

इंटरमिटंट आणि शॉवर यांचंच घ्या. दोन्ही पाऊस थांबतात आणि पुन्हा येतात. तरी वेधशाळेत त्यांची नोंद वेगळी होते. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीत येऊन जाणाऱ्या सरीला स्वतंत्र अक्षर होतं. आज जागतिक हवामान संघटनेच्या कोष्टकात 60 म्हणजे थांबून थांबून पडणारा हलका पाऊस, 61 म्हणजे न थांबता पडणारा हलका पाऊस आणि 80 म्हणजे हलकी सर. मागच्या तासाभरात पाऊस मध्ये थांबला होता, पण त्याला सरीचं रूप नव्हतं, तरच तो इंटरमिटंट. फरक ढगाचा आहे. आडव्या पसरलेल्या थराच्या ढगातून पडणारा पाऊस सावकाश वाढतो आणि सावकाश ओसरतो. उभ्या वाढणाऱ्या ढगातली सर एकदम कोसळते आणि एकदम संपते.

हे डोळ्यांनी पाहायचं तर जुना स्वयंलेखी पर्जन्यमापक पाहावा. घड्याळावर फिरणाऱ्या नळकांड्याला आखलेला कागद गुंडाळलेला असतो आणि साठणाऱ्या पाण्याबरोबर शाईची लेखणी वर सरकते. 10 मिलिमीटर भरले की पाणी वक्रनलिकेतून निघून जातं आणि लेखणी झपकन शून्यावर येते. थांबून थांबून पडणाऱ्या पावसाची रेघ थोडी चढते, आडवी चालते, पुन्हा थोडी चढते. सरीची रेघ मात्र भिंतीसारखी उभी असते. वेधशाळेत नव्याने आलेला निरीक्षकही तो कागद पाहून ढग कोणता होता ते सांगू शकतो.

खरा घोळ पुढे आहे, आणि त्यावर प्रस्तुत लेखकाने अनेक बैठकांत वाद घातला आहे. घोळ आहे काळ आणि जागा यांचा. विमानांसाठीच्या नकाशांत गडगडाटी ढगांपुढे तीन शब्द येतात: आयसोलेटेड, ऑकेजनल आणि फ्रीक्वेंट. रोजच्या इंग्रजीत ऑकेजनल म्हणजे अधूनमधून आणि फ्रीक्वेंट म्हणजे वारंवार. दोन्ही काळाचे शब्द. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमात मात्र ते क्षेत्राचे आहेत. दाखवलेल्या पट्ट्यापैकी निम्म्याहून कमी भागावर ढग असतील तर आयसोलेटेड, 50 ते 75 टक्के भागावर असतील तर ऑकेजनल आणि त्याहून जास्त भागावर असतील तर फ्रीक्वेंट. म्हणजे 'ऑकेजनल' वाचून 'कधीतरी एखादा ढग लागेल' असं समजणाऱ्याच्या वाटेतला निम्म्याहून अधिक पट्टा ढगांनी भरलेला असू शकतो. वैमानिकाला हे शिकवलेलं असतं, म्हणून निभावतं. याउलट विमानतळाच्या अंदाजात 'टेम्पो' ही खूण येते, ती पूर्णपणे काळाची. तो बदल प्रत्येक वेळी एका तासाच्या आत संपला पाहिजे आणि सगळे मिळून त्या कालावधीच्या निम्म्याहून कमी वेळ टिकले पाहिजेत. एकाच खात्यातून निघणाऱ्या दोन कागदांवर काळासाठी कोणता शब्द आणि जागेसाठी कोणता, हे पाठ करून लक्षात ठेवावं लागतं. काळाचे शब्द काळालाच ठेवावेत, हा प्रस्तुत लेखकाचा आग्रह आजही कायम आहे.

तुम्हाआम्हाला तर कोणी शिकवतही नाही. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या इंग्रजी पत्रकातला आयसोलेटेड मराठीत 'तुरळक ठिकाणी' होतो. त्याचा अर्थ, विभागातल्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे 26 ते 50 टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे 51 ते 75 आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याहून अधिक. पाऊस किती पडेल, याच्याशी या चार शब्दांचा काही संबंध नाही. मात्रा सांगायला वेगळे शब्द आहेत: 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे जोरदार, 115.6 पासून अति जोरदार.

वळवाच्या दिवसांत नाशिककडच्या एका कांदा उत्पादकाचा फोन आला होता. काढलेला कांदा शेतातच पातीखाली सुकत पडलेला. 'तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस' ही बातमी त्याने ऐकली होती. "साहेब, तुरळक म्हणालात म्हणून ताडपत्री टाकली नाही. चार थेंब येतील असं वाटलं," तो म्हणाला. 'जोरदार' हा शब्द त्याच्या कानावरून गेला, 'तुरळक' तेवढा राहिला. अंदाज नियमाप्रमाणे बरोबर होता. त्या रात्री कांदा मात्र भिजला. ही गोष्ट मनातून जात नाही.

तुरळक आणि प्रचंड एकत्र नांदू शकतात, हे महाराष्ट्राने 26 जुलै 2005 ला पाहिलं. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तिथून सुमारे 25 किलोमीटरवरच्या कुलाब्यात त्याच दिवशी 75 मिलिमीटरही पडला नाही.

हा गैरसमज आपल्याकडचाच आहे असंही नाही. 'उद्या पावसाची शक्यता 30 टक्के' याचा अर्थ काय, असं जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ॲमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्कमधल्या लोकांना विचारलं. 2005 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. असे अंदाज ज्यांच्या रोजच्या सवयीचे होते त्या न्यूयॉर्ककरांपैकी बहुतेकांनी अर्थ बरोबर सांगितला: असे दहा दिवस आले तर त्यांतल्या तीन दिवशी पाऊस. युरोपातल्या शहरांत मात्र अनेकांना वाटलं, उद्या 30 टक्के वेळ पाऊस पडेल, किंवा 30 टक्के भागात पडेल. पुन्हा तोच काळ आणि जागेचा घोळ.

"वेधशाळेचं काही खरं नसतं" हे वाक्य प्रस्तुत लेखकाने लग्नमंडपापासून रिक्षापर्यंत सगळीकडे ऐकलं आहे. त्याचा आता शीण येतो. एका गावाला पाऊस आणि शेजारच्याला ऊन, हे अंदाज फसल्याचं लक्षण नाही. 'तुरळक ठिकाणी' याचा तोच अर्थ आहे. पण हे दर वेळी लोकांनीच समजून घ्यावं, असं म्हणण्याचं बळही आता उरलेलं नाही. पत्रकातली वाक्यंच बदलली पाहिजेत. 'जिल्ह्यातल्या दर चार ठिकाणांपैकी फार तर एका ठिकाणी पाऊस, पण जिथे पडेल तिथे जोरदार' एवढं लिहायला जागा लागते, वृत्तवाहिनीच्या पट्टीवर ते मावत नाही, अशी अडचण सांगितली जाते. ती खरी आहे. तरीही रडारवरून तीन तासांपुरता दिला जाणारा तात्काळ इशारा आता मोबाइलवर पोचतो आणि तिथे शब्दांची इतकी टंचाई नाही. सुरुवात तिथून करता येईल.