दवाखान्याच्या काचा फोडण्याआधी फाइल मागा

थोडं मोठं लिहिलंय, पण शेवटपर्यंत वाचा. कधी ना कधी कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

आपल्याकडे डॉक्टरांनी आजार उशिरा ओळखला आणि पेशंटचं वाईट झालं, की दोनच गोष्टी होतात. एक तर चार पोरं जाऊन दवाखान्याच्या काचा फोडतात, नाहीतर "नशिबात होतं" म्हणून घरचे गप्प बसतात. काचा फोडल्या की आपलीच पोरं आत जातात. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी वेगळा कायदा आहे. अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, वर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. आणि गप्प बसलं तर ज्याला जाब विचारायचा त्याला कुणी विचारतच नाही. मधला रस्ता आहे, पण तो फार थोड्यांना माहीत असतो.

मला तो ताईमुळे कळला. तिची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी "या वयात होतं असं" म्हणून गोळ्या दिल्या. एकदा नाही, आठ महिने. ना सोनोग्राफी, ना तपासायला तुकडा काढला. शेवटी भाच्याने तिला पुण्याला नेलं, तिथे बायोप्सी झाली आणि गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. तिसरी स्टेज. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, ताई आज आहे. पण ते आठ महिने कुणी परत देणार नाही. (बायांनो, पाळी गेल्यावर पुन्हा एक थेंब जरी दिसला तरी तपासणीचा हट्ट धरा.)

भावजी तर पोरं गोळा करायला निघाले होते. मी म्हटलं, आधी फाइल हातात येऊ द्या. दवाखान्याने "उद्या या, परवा या" सुरू केलं. मग आम्ही लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत स्पष्ट आहे, की रुग्णाने कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे. ॲडमिट पेशंटची कागदपत्रं तीन वर्षं जपून ठेवायची हेही त्यातच आहे. तोंडी मागू नका, लेखीच मागा. केसपेपर, रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, पावत्या, सगळं. पुढचं सगळं याच कागदांवर उभं राहतं.

आता कायद्याचं. प्रत्येक चुकलेलं निदान म्हणजे निष्काळजीपणा नाही. काही आजार भल्याभल्यांना चकवतात. कोर्ट एवढंच बघतं, की त्या जागी साधारण बरा डॉक्टर असता तर त्याने काय केलं असतं? ज्या लक्षणाला जी तपासणी करायलाच हवी, ती केली का? आणि त्या उशिरामुळे पेशंटचं खरंच नुकसान झालं का? ही दोन्ही टोकं जुळवावी लागतात. हैदराबादच्या एका केसमध्ये थंडी-ताप आलेल्या बाईंवर टायफॉइड समजून उपचार झाले, निघाला मलेरिया, आणि त्या गेल्या. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये नवऱ्याची भरपाई कायम केली आणि सांगितलं, की प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत हवंच असं नाही. तरीपण दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत मिळालं तर घ्याच. ते मिळवणं हीच खरी अडचण असते, कारण डॉक्टर डॉक्टरविरुद्ध लिहून द्यायला कचरतात.

रस्ते तीन आहेत.

पहिला, जिल्हा ग्राहक आयोग. भरपाई इथे मिळते. पैसे घेऊन केलेले उपचार ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच ठरवलंय. तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही, पण अशा केसमध्ये असलेला बरा. मुदत दोन वर्षं. नुकसान लगेच कळण्यासारखं नसेल तर ते कळलं, किंवा नीट लक्ष दिलं असतं तर कळलं असतं, तिथून मोजतात. पण त्या भरवशावर बसू नका.

दुसरा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. ते डॉक्टरला ताकीद देऊ शकतात, नोंदणी काही काळ काढून घेऊ शकतात. पैसे मात्र मिळत नाहीत.

तिसरा, पोलीस. इथे बहुतेकांचा गैरसमज आहे. २००५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा लागतो, आणि आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. नव्या न्याय संहितेत कलम १०६ खाली डॉक्टरच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साध्या चुकीसाठी हा रस्ता नाही.

सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच फुकट उपचार असतील तर ग्राहक आयोग चालत नाही. नुसता केसपेपरचा रुपया भरला म्हणून आपण ग्राहक होत नाही. पण म्हणजे सरकार सुटलं असं नाही. औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १९६३ साली बाळंतपणानंतरच्या नसबंदीत एका बाईंच्या पोटात टॉवेल राहिला आणि त्या गेल्या. दिवाणी दाव्यात सुप्रीम कोर्टाने राज्य सरकारला जबाबदार धरलं, पण ते १९९६ मध्ये! ३३ वर्षं. ग्राहक आयोगाने तीन ते पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, तिथेही प्रत्यक्षात वर्षं जातात. हे माहीत असूनच उतरा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

ताईचं मन तयार होत नव्हतं. "माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केली गं, रात्री दोनला उठून आले होते," म्हणायची. ते खोटं नाही. तो माणूस वाईट नाही, आणि तालुक्याला डॉक्टरच किती आहेत! मी तिला एवढंच म्हटलं, की तक्रार माणूस वाईट आहे म्हणून नसते. आठ महिन्यांत एकही तपासणी का केली नाही, याचं उत्तर त्यांनी लेखी द्यावं म्हणून असते. दोन दिवसांनी तिने स्वतःच चष्मा मागितला, तक्रार वाचली आणि सही केली. दोन वर्षं संपायला तेव्हा पाच आठवडे उरले होते.

केस चालू आहे, म्हणून डॉक्टरांचं किंवा दवाखान्याचं नाव लिहीत नाही. कमेंटमध्ये अंदाज बांधू नका, कुणाला ट्रोल करू नका. तुमच्या घरात असं काही झालं असेल तर आज दोनच कामं करा. फाइलसाठी लेखी अर्ज द्या, आणि आजार कळला ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.