अम्मीचा वाफा

गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हापासून अम्मी नमाजही खुर्चीवर बसून पढते आणि भाजीही खुर्चीवरच निवडते. परसातला माठ-मुळ्याचा वाफा मात्र सुटला. वाकणंच जमेना. ती बोलली काही नाही. मागचं दार उघडायची तेवढी बंद झाली.

मे महिन्यात मी जुन्या पडवीचे चिरे रचून अडीच फूट उंच वाफा बांधला. रुंदी तीनच फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो. तळाशी नारळाची सोडणं, वर पालापाचोळा, मग माती आणि शेणखत. पण हौसेने सांधे सिमेंटने असे बुजवले की जुलैच्या पावसात त्याचं तळं झालं. पुदिना कुजला. अम्मी काठी टेकत आली. "पाण्याला जायला वाट नाही ठेवलीस, बेटा?" ती दाखवत गेली तिथे मी पहारीने तळाशी चार भोकं पाडली.

पाचोळा कुजून माती आता वीतभर खाली बसली आहे. भर घालायची तरी तिला विचारावं लागतं. फजरनंतर तिची खुर्ची तिथेच असते. परवा शेजारच्या काकूंना माठाची जुडी देऊन आली आणि मला म्हणाली, "पुढचा वाफा चार बोटं कमी उंच कर."