पुलापलीकडचे नांदेड

(बी. ए. द्वितीय वर्ष)

महाविद्यालयात नवी ओळख झाली, की "तू राहतेस कुठे?" हा प्रश्न येतोच. मी "सिडकोला" म्हणून सांगते. त्यावर शहरातल्या मैत्रिणी हमखास विचारतात, "अगं बाई, म्हणजे रोज नांदेडला येतेस?" जणू काही मी परगावाहूनच येत असते! वास्तविक आमच्या महानगरपालिकेच्या नावातच नांदेडच्या जोडीला वाघाळा आहे आणि वाघाळा म्हणजे आमचीच बाजू. १९९७ साली ही महानगरपालिका झाली. परंतु मधे गोदावरी वाहते, आणि पूल ओलांडला की माणसाला आपण दुसऱ्या गावी आलो असे वाटते. खोटे कशाला सांगू? आम्हीही वजिराबादेत कापड घ्यायला किंवा इतवाऱ्यात ठोक माल आणायला निघालो, की "नांदेडला जाऊन येतो" असेच म्हणतो.

आमच्या वस्तीच्या नावाचीही एक गंमत आहे. गावांना देवांची नावे असतात, पेठांना वारांची असतात, नव्या नगरांना पुढाऱ्यांची असतात. आमच्या वाट्याला मात्र दोन कचेऱ्यांची आद्याक्षरे आली. शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ म्हणजे सिडको. ते १९७० साली स्थापन झाले ते नवी मुंबई वसवण्यासाठी. पुढे त्याच महामंडळाने औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), नाशिक आणि नांदेड येथेही वसाहती उभारल्या. घरबांधणीसाठी कर्ज देणारे केंद्र सरकारचे जे महामंडळ, त्याचे नाव हडको. तेही १९७० चेच. तेव्हा कोणी "सिडको-हडको" असा पत्ता सांगितला, तर तो माणूस दोन महामंडळांत राहतो असे समजावे! "नवीन नांदेड" असेही एक नाव आहे. पण ते पाकिटावर आणि दुकानांच्या पाट्यांवर जास्त, तोंडात कमी.

पट्टी ठेवून आखाव्यात तशा आमच्या गल्ल्या आहेत. घरे लहान, भिंतीला भिंत लागलेली, पुढे हातभर अंगण. लातूरकडून येणारा रस्ता अहमदपूर, लोहा करीत याच बाजूने नांदेडात शिरतो. त्यामुळे त्या वाटेवरचा माणूस शिक्षणासाठी, नोकरीसाठी, नाहीतर पाऊस रुसला म्हणून शहराकडे निघाला, की पूल ओलांडण्यापूर्वीच त्याचे बिऱ्हाड पडते. आमच्या एका गल्लीत एस. टी.चे वाहक आहेत, शिक्षक आहेत, औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे कामगार आहेत, आणि शेती बटाईने लावून लेकरांच्या शाळेसाठी आलेले शेतकरी आहेत. आम्ही शेवटच्या वर्गातले. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच उन्हाळ्यात आमच्या विहिरीने तळ दाखवला आणि अप्पांनी गाव सोडले.

घर शोधताना जागोजाग पाट्या दिसत : "रूम भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिलीसाठी." मी तेव्हा लहान होते. आम्ही पाच माणसे, म्हणजे आपण फॅमिलीच की, असा माझा सरळ हिशेब होता. पण दारात उभे राहिल्यावर पहिला प्रश्न माणसे किती हा नसे, "आडनाव काय?" हा असे. उत्तर ऐकल्यावर दोन ठिकाणी खोली कालच दिलेली निघाली आणि एके ठिकाणी मालकाचा भाऊ गावाकडून येणार होता. चौथ्या घराच्या म्हातारीने मात्र एवढेच विचारले, "लेकरं भांडखोर तर नाहीत ना?" तिच्याकडे आम्ही राहिलो. आमची वस्ती कुटुंबवत्सल आहे, असे सगळेच म्हणतात आणि ते खरेही आहे; परंतु कुटुंब कोणाला म्हणायचे हे ज्याच्या हाती किल्ली तो ठरवतो, एवढे या पाटीखाली बारीक अक्षरांत लिहायला हवे.

आता आमच्या बाजाराविषयी. माझी आत्या लातूरला असते. सुटीत तिच्याकडे गेले, की ती मला गंजगोलाईत नेते. १९१७ साली, निजामाच्या राजवटीत, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार बांधलेली ही गोल पेठ. मधोमध देवीचे मंदिर आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. कुठे सराफ, कुठे कापड, कुठे जोडे, कुठे मिरची तर कुठे गूळ. तिथे उभे राहिले, की कळते की या शहराने आधी बाजार मांडला आणि मग त्याच्याभोवती घरे बांधली. आडतीत तुरीला आणि सोयाबीनला काय भाव फुटला, यावर आमच्या खेड्यातली लग्ने पुढे-मागे होतात. लातूरचा व्यापारी असा पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्याच्या बैठकीला तक्क्या आहे आणि तक्क्याला आजोबांच्या पाठीचा खळगा आहे.

आमच्याकडे सगळे उलटे झाले. इथे आधी घरे आली आणि मग घरांच्या पोटातून बाजार बाहेर पडला. कोणी पुढच्या खोलीची खिडकी काढून तिथे शटर बसवले, कोणी अंगणावर पत्रे टाकले, कोणी जिन्याखाली मोबाईल दुरुस्तीचे टेबल मांडले. एका गल्लीत मी सहज मोजली : दोन किराणा, एक पिठाची गिरणी, एक सलून, एक औषधांचे दुकान, झेरॉक्स, शेवयांचे यंत्र, आणि "येथे पिको-फॉल करून मिळेल" अशा तीन पाट्या. यातल्या बहुतेकांच्या घराण्यात तराजू कधी कोणी धरला नव्हता. "व्यापार हे आपलं काम नव्हे, ते जन्मानंच यावं लागतं," असे आमचे आजोबा म्हणत. अप्पांनी खोलीच्या पुढच्या भागात दोन कट्टे तांदूळ, एक कट्टा साखर, बिस्किटांचे पुडे आणि वजनकाटा मांडला तेव्हा गावाकडून निरोप आला होता, "कामून उगं तोंड दाखवायलास?" पहिले सहा महिने अप्पा गिऱ्हाईकाला पैसे मागतानाच लाजत. व्यापार जन्माने येत नाही, तो सवयीने येतो, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले.

अप्पांची उधारीची वही हा एक स्वतंत्र ग्रंथ आहे. तीत नावे फार थोडी. "खालच्या गल्लीतले सर", "रिक्षावाले मामा", "निळ्या दाराची मावशी", "नवीन सून" अशी खाती आहेत. यातली नवीन सून आता दोन मुलांची आई आहे, परंतु वहीत ती अजून नवीनच आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. किराणा जीवनावश्यक म्हणून ठरलेल्या वेळेत उघडता येई, पण गिऱ्हाईकाच्या हातात पैसा नव्हता. कारखान्यांच्या पाळ्या बंद, रिक्षा बंद. अप्पा इतवाऱ्यातल्या ठोक व्यापाऱ्याकडून उधार आणीत आणि गल्लीत उधार देत. इतवाऱ्यातला तो व्यापारी त्याच्या वरच्या व्यापाऱ्याला थांबवीत असणार. म्हणजे त्या चार महिन्यांत आमच्या गल्लीतली चूल एका लांबलचक विश्वासाच्या दोरीवर पेटत होती. ती दोरी सगळीकडे टिकली असे नाही. काही खाती अजून उघडी आहेत. दोन कुटुंबे गावाकडे गेली ती परतली नाहीत. अप्पांनी ती पाने फाडली नाहीत आणि त्यांवर रेघही मारली नाही.

या दुकानांचा आणखी एक उपयोग आहे, तो मुलींना अधिक कळतो. ग्रंथालयातून परतायला मला कधी रात्रीचे आठ होतात. मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत दहा मिनिटांची वाट. गल्लीत नुसती घरेच असती तर आठ वाजता दारे लागली असती आणि आईने मला ग्रंथालयात जाऊ दिले नसते. परंतु गिरणी चालू असते, औषधांच्या दुकानात दिवा असतो, कोपऱ्यावर अंडाभुर्जीच्या गाडीभोवती चार माणसे असतात. मागच्या वर्षी एक मोटारसायकल दोन दिवस माझ्या मागे-मागे येत होती. तिसऱ्या दिवशी गिरणीवाले काका पिठाने माखलेले हात पुसत बाहेर आले आणि नुसते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. काही बोलले नाहीत. ती मोटारसायकल पुन्हा दिसली नाही.

याच काकांनी पुढच्या महिन्यात अप्पांना सांगितले, की तुमची मुलगी एका मुलाशी दहा मिनिटे बोलत उभी होती. तो माझ्या वर्गातला मुलगा होता आणि आम्ही इतिहासाच्या टिपणांविषयी बोलत होतो! घरी दोन दिवस अबोला झाला. मला काकांचा राग आला आणि तरीही आठ वाजता त्यांच्या गिरणीचा आवाज ऐकला, की बरे वाटते. जी नजर राखण करते तीच पहारा करते. वसतिगृहात राहणाऱ्या मैत्रिणींना पहारा नाही, म्हणून मला त्यांचा हेवा वाटतो. राखणही नाही, म्हणून वाटत नाही. हे दोन्ही वेगळे करता येईल काय? मला वाटते येईल, पण त्यासाठी काकांना आमच्याशी बोलावे लागेल, आणि आम्हालाही त्यांच्याशी. अजून तरी आमच्याविषयी ते अप्पांशीच बोलतात.

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत बसले होते. वडिलांचा व्यवसाय : किराणा दुकान. त्याखाली आईचा व्यवसाय. मी आईला विचारले, "तुझं काय लिहू?"

"माझं? लिही की, काही नाही. घरीच असते म्हणावं."

हे ती बोलली तेव्हा तिचा पाय शिलाई यंत्रावर होता. दुकानाच्याच खोलीत, साखरेच्या कट्ट्याशेजारी तिचे यंत्र आहे. साडीला फॉल, पिको, परकर, पिशव्या, शाळेच्या गणवेशाची डागडुजी, असे काही ना काही चालू असते. मध्येच गिऱ्हाईक आले की उठून ती साबण देते, सुटे पैसे देते, पुन्हा पाय यंत्रावर. आमच्या गल्लीत अशा किती तरी "घरीच असणाऱ्या" आहेत. पापड लाटणाऱ्या आहेत, पाळीवरच्या कामगारांचे डबे करणाऱ्या आहेत, भिशी चालवणाऱ्या आहेत. आमच्या भागातला व्यापारी वर्ग मोठा आहे असे भाषणांत सांगतात, तेव्हा त्यांना शटरवाले दिसतात. यंत्रावरचा पाय दिसत नाही. मी अर्जात "शिवणकाम" असे लिहिले. आई म्हणाली, "उगं साहेबलोक विचारतील, कितीची कमाई." मी म्हटले, "मग सांगू."

हा विषय तिथे संपला असे मला वाटले होते. पण या वर्षी आमच्या घरात एक नवा प्रश्न आला. पुलापलीकडे मोठाली दुकाने झाली आहेत, जिथे गिऱ्हाईक टोपली घेऊन स्वतःच माल उचलतो. गल्लीतली तरुण मुले मोबाईलवरून वस्तू मागवतात आणि आमच्याकडे फक्त दुधाची पिशवी घेतात. गल्ल्याशेजारच्या चौकोनी चित्रावर मोबाईल धरला, की डबीतून बाई बोलते, इतके रुपये मिळाले. पण ती आकडे लहान-लहानच सांगते. अशात एका गृहस्थांनी अप्पांना विचारले, की पुढची खोली शिकवणीवर्गाला भाड्याने द्या. भाडे ठरलेले, डोक्याला ताप नाही, उधारी नाही. अप्पांना ते पटले. माझ्या भावालाही पटले. त्याला बारावीनंतर पुण्याला जायचे आहे. मला काय वाटते हे मला नीट सांगता येईना. शिकवणीवर्ग वाईट असे मी कसे म्हणू? मी स्वतः शिकण्यासाठीच तर इथे आले.

आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रात्री तिने माझी सातवीतली अर्धी कोरी वही आणून अप्पांपुढे ठेवली. तीत तिने तीन वर्षांचा हिशेब लिहिला होता. अक्षर मोडके, पण बेरजा बरोबर. कोणत्या महिन्यात किती फॉल, किती पिको, किती आले आणि कुठे गेले : विजेचे बिल, सिलिंडर, माझी परीक्षा फी, भावाची पुस्तके. अप्पांनी पाने उलटली. दुकानाची स्वतःची वहीसुद्धा इतकी नीट नव्हती.

"यंत्र मागच्या खोलीत नेलं, तर गिऱ्हाईक बाया तिथवर कशा येतील?" एवढेच ती म्हणाली.

निर्णय अजून झालेला नाही. दिवाळीपर्यंत सांगतो, असे अप्पांनी त्या गृहस्थांना कळवले आहे. कदाचित खोली जाईल; व्यवहार कोणाच्या भावनेवर थांबत नाही, हे किराणा दुकानदाराच्या मुलीला कोणी सांगायला नको. पण आता घरात या गोष्टीवर बोलणे निघते तेव्हा दोन वह्या मांडल्या जातात, एक अप्पांची आणि एक आईची. आणि या वर्षीच्या अर्जात आईच्या व्यवसायाचा रकाना आला, तेव्हा मी तिला काही विचारले नाही, तिनेच चष्मा पुसत सांगितले, "शिवणकाम लिही. आणि पुढं दुकान पण लिही."