भाडं आणि हप्ता

घर भाड्याने देऊन संपत्ती उभी राहते, हे मी मानतो आणि तसं वागतोही. पण ‘कर्ज काढून फ्लॅट घ्या, हप्ता भाडेकरूच फेडेल’ हा पुण्या-मुंबईत सर्रास मिळणारा सल्ला घरमालक म्हणून माझ्या हिशेबात कधीच बसला नाही. वाकडकडे 80 लाखांचा टू बीएचके घेतला आणि त्याला महिना 24 हजार भाडं आलं असं धरू. वर्षाचे झाले 2 लाख 88 हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मिळकतकर, भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा एखादा महिना, एजंटची दलाली, रंग, गीझर आणि नळदुरुस्ती वजा करा. हातात दोन लाखांच्या आसपास उरतात, म्हणजे किमतीच्या अडीच टक्के. खरेदीच्या वेळी 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30 हजार नोंदणी फी मिळून 5 लाख 90 हजार जातात. पहिल्या जवळजवळ तीन वर्षांची निव्वळ कमाई अशी आधीच सरकारजमा झालेली असते.

आता कर्ज बघू. 60 लाख, साडेआठ टक्के, 20 वर्षं: हप्ता 52 हजारांचा. भाडं दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढलं तरी 24 हजारांचे 50 हजार व्हायला पंधरा वर्षं लागतात, आणि तेही सगळा खर्च बाजूला ठेवून. तोवरची तूट पगारातून भरायची. ज्यांची नोकरी नवी आहे, घरात लहान मूल आहे, अशांना हा सल्ला बिनदिक्कत दिला जातो, तेव्हा मला मनापासून काळजी वाटते. करसवलतीचा आधारही लोक समजतात तेवढा मोठा नाही. भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, ही खरी सवलत. व्याजामुळे होणारा तोटा मात्र जुन्या करप्रणालीत वर्षाला दोन लाखांपर्यंतच इतर उत्पन्नातून वळता होतो आणि नव्या प्रणालीत पगारातून अजिबात नाही.

‘पण घराची किंमत वाढतेच ना?’ हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. वाढते ती मुख्यतः जमिनीची किंमत. इमारत मात्र जुनी होत जाते. पंचवीस-तीस वर्षांनी लिफ्ट, गळती, पार्किंग यांवरून भाडेकरू शेजारचा नवा टॉवर निवडतो आणि मालक पुनर्विकासाची वाट बघत बसतो. शिवाय गरज पडली म्हणून फ्लॅटची एक खोली विकता येत नाही. म्हणून वाढीव किमतीवर भिस्त ठेवून दरमहा तूट सोसणं मला पटत नाही. भाड्याची खरी ताकद वेगळी आहे: ते महागाईबरोबर चढतं, आणि कर्ज नसेल तर म्हातारपणी तेच पेन्शनसारखं उपयोगी पडतं.

दुसरा आक्षेप भाडेकरू घर बळकावेल हा. मुंबईत 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, त्याची धास्ती अजून पिढ्यांच्या मनात आहे. पण 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानंतर लिव्ह अँड लायसन्सवर घर देणाऱ्याची बाजू पुष्कळ भक्कम आहे. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर सक्षम प्राधिकरणाकडे जाता येतं आणि दुप्पट शुल्काने भरपाई मागता येते. मात्र करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची आहे, आणि तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. चार पैसे वाचवण्यासाठी नोंदणी टाळणारे मालक आपलीच ढाल फेकून देतात.

म्हणून माझं सांगणं असं की, निम्मी रक्कम स्वतःची जमेपर्यंत थांबावं. त्याच घरावर 40 लाखांचं कर्ज असेल तर हप्ता 35 हजारांच्या आत येतो आणि भाडं त्याला आठेक वर्षांत गाठतं. तेवढी रक्कम जमत नसेल, तर नोकऱ्यांच्या ठिकाणाजवळचा लहान वन बीएचके पाहावा. तिथे पायी कामाला जाता येत असेल, तर एक भाडेकरू गेला तरी दुसरा लवकर मिळतो. सहा महिन्यांच्या हप्त्यांइतके पैसे बँकेत वेगळे ठेवल्याशिवाय मात्र तोही घेऊ नये.