नामदेवरायांचे कुत्रे आणि तुकोबारायांची पाखरे

कीर्तनात दोन कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पहिली नामदेवरायांची. कुत्र्याने भाकरी तोंडात धरून पळ काढला आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. देवाने कोरडी भाकरी खाऊ नये, एवढीच त्यांची तळमळ. दुसरी तुकोबारायांची. त्यांना शेत राखायला बसवले, पण त्यांच्याने पाखरे हाकलवेनात. भूक त्यांनाही आहे, म्हणून त्यांना दाणे टिपू दिले आणि स्वतः नाम घेत बसले. या दोन्ही कथा ऐकताना टाळकऱ्यांचे डोळे ओले होतात. पण नामदेवरायांच्या कथेत पाखरू नाही आणि तुकोबारायांच्या कथेत कुत्रे नाही. हे दोघे जीव एकाच घरात राहायला आले, तर माळकऱ्याने काय करावे? गेला महिनाभर पाथर्डीतल्या आमच्या घरात हाच प्रश्न चालू आहे.

आमच्याकडे चार पाखरे आहेत. बाजारात त्यांना लव्हबर्ड म्हणतात, त्यांचे खरे नाव बजरीगर. शेजारच्या कुटुंबाची बदली झाली, तेव्हा ती पिंजऱ्यासकट आमच्या घरी आली. माळकऱ्याच्या घरात पिंजरा कशाला, असे काही जण विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. आपल्याकडचा हिरवा पोपट असता तर तो घरात ठेवलाच नसता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पिंजऱ्यात ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपल्याकडे मिळणारे बजरीगर कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले असतात. दार उघडून सोडले तर कावळे आणि शिक्रे त्यांना जगू देणार नाहीत. म्हणून ती आमच्या पदरात आली ती आलीच.

आईचे वय आता ८२. गुडघे धड होते तोवर तिने आषाढीची पायी वारी चुकवली नाही. आता देवघरापासून पडवीपर्यंतच तिची वारी. संध्याकाळी ती हरिपाठाला बसली की टाळाच्या आवाजाबरोबर ही पाखरेही किलबिलाट सुरू करतात. आई म्हणते, "ही माझी दिंडी. मला चालता येत नाही म्हणून देवानं घरी धाडली." राळा निवडून वाटीत घालणे, पाणी बदलणे, रात्री पिंजऱ्यावर धुवट लुगड्याचा तुकडा टाकणे, हा तिचा नेम झाला आहे.

आणि नातवाला हवे आहे कुत्र्याचे पिल्लू. तो नऊ वर्षांचा आहे, शाळेसाठी आमच्याजवळ राहतो. आई-वडील नोकरीनिमित्त पुण्याला. मुलगा एकटा पडतो हे आम्हालाही दिसते. वृद्धेश्वराच्या बाजूला, गर्भगिरीच्या पायथ्याशी ज्यांचा वाडा बसतो, त्या ओळखीच्या धनगर बाबांच्या कुत्रीला गणपतीत पिल्ले झाली. त्यांतले एक नातवाने डोळ्यांत भरून घेतले आणि घरी येऊन सांगितले, "आबा, तेच आणायचं."

आईने ऐकून घेतले आणि एकच विचारले, "बाळा, त्यानं पाखरू धरलं तर पाप कुणाचं?"

नातू म्हणाला, "कुत्र्याचं."

"त्याला कशाचं पाप रे? ते त्याच्या जातीनं वागलं. दोघांना एका छपराखाली कुणी आणलं, ते बघ."

आईचे हे बोलणे माझ्या मनातून जाईना. आपण कीर्तनात ऐकतो की पशुपक्ष्यांची भोगयोनी आणि मनुष्याची कर्मयोनी. पाप-पुण्याचा हिशेब मनुष्याच्या नावावर. आपण ते नरदेहाचे थोरपण म्हणून ऐकतो. पण त्या थोरपणाबरोबर ओझेही येते. कुत्र्याने फडफडणाऱ्या पाखरामागे धावणे हा त्याचा देहधर्म आहे. पाखराने सावली दिसताच घाबरणे हा त्याचा. दोघेही आपापल्या जागी निर्दोष. त्या दोघांमध्ये उभे राहणे हे काम ज्याला विचार दिला आहे, त्याचे.

गीतेच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे की ज्ञानी पुरुष विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती आणि कुत्रा या सर्वांकडे सम दृष्टीने पाहतो. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२मध्ये माउलींनी हे मराठीत समजावून सांगितले. सम दृष्टी म्हणजे सगळ्यांना एकच वागणूक, असा अर्थ घेतला तर घोटाळा होतो. आत्मा एक, पण स्वभाव वेगळे. आई एकाच पंगतीत म्हाताऱ्याला मऊ भात वाढते आणि तरण्या पोराला भाकरी. तिची माया दोघांवर सारखीच असते. पसायदानात माउली जिवाजिवांमध्ये स्नेह जडावा असे मागतात. मागणे देवाजवळ आहे, पण घरातले मागणे पुरे व्हायचे तर हात आपलेच लागतात. म्हणून पिल्लू येण्याआधीच आम्ही तयारीला लागलो.

सर्वांत आधी धनगर बाबांना विचारले. त्यांचे कुत्रे रात्रंदिवस मेंढरांत असते आणि कोकराला दात लावत नाही, हे कसे? ते म्हणाले, "माउली, पिल्लू डोळे उघडल्यापासून कोकरांत लोळतं. ज्यांच्यात वाढलं त्यांना ते आपलं म्हणतं. पण तुमचं पाखरू म्हंजी कोकरू न्हाई. कोकरू ढुशी मारून शिकवतं, पाखरू उडतं. उडालं की कुत्र्याचं मन चाळवतं. सवय लावा, पण भरवसा धरून डोळ्याआड करू नका." पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच वेगळ्या शब्दांत सांगितले. पिल्लाचा तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंतचा काळ नव्या गोष्टी ओळखीच्या करून घेण्याचा असतो. त्या काळात जे शांतपणे दाखवाल, ते त्याला पुढे परके वाटत नाही. शिकारीची ओढ मात्र त्यामुळे पुसली जात नाही, फक्त तिला लगाम बसतो.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. कुत्र्या-मांजराच्या लाळेत असे जंतू असतात की पाखराला त्यांचा दात किंवा नख नुसते ओझरते लागले, तरी ते दगावू शकते. जखम दिसत नाही म्हणून थांबायचे नाही, तातडीने औषध सुरू करायचे. आणि स्पर्शही न होता, केवळ भीतीने पाखरू पिंजऱ्यात धडपडून पंख मोडून घेते, कधी प्राणही सोडते. म्हणजे पिल्लाने खेळ म्हणून पिंजऱ्यावर उडी मारली तरी पाखराच्या जिवावर बेतते. हे ऐकल्यावर "होईल हळूहळू सवय" असे म्हणून चालणार नव्हते.

पिंजरा आधी पडवीत स्टुलावर होता. तो आता आईच्या खोलीत, छताच्या कडीला, मोठ्या माणसाच्या डोक्याइतका उंच टांगला आहे. खाली स्टूल, खाट, पेटी असे काही ठेवलेले नाही, नाहीतर त्याचीच पायरी होते. आईचा हात पोहोचत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ पिंजरा खाली उतरवून तिच्यापुढे ठेवायचे काम नातवाकडे आहे. तेवढा वेळ दाराला कडी. पिंजऱ्याच्या दाराला लहान कुलूपकडीही लावली. खोलीच्या चौकटीला वेल्डरकडून जाळीचे फाटक करून घेतले. मोठे दार उघडे राहिले तरी हे फाटक मिटलेले असेल. पिंजऱ्यातून खाली सांडलेला राळा आणि विष्ठा पिल्लाच्या तोंडात जाऊ नये, म्हणून रोज सकाळी आधी झाडणे, मग बाकीची कामे. या सगळ्याला पाखरे रुळावीत म्हणून पिल्लू येण्याच्या कितीतरी आधीच हे बदल केले. धनगराच्या वाड्यावरून पिल्लांच्या अंगाखालचा एक फडका आणून आधी दारापाशी, मग खोलीत टांगला आहे. वास ओळखीचा झाला की निम्मी भीती ओसरते.

पिल्लू आल्यावरचा नेमही ठरवला आहे. पहिले काही दिवस त्याने पाखरे पाहायचीच नाहीत; आधी घर आणि माणसे ओळखीची होऊ द्यायची. मग गळ्यात पट्टा, हातात दोरी, आणि फाटकाबाहेर लांब बसून थोडा वेळ पाहायचे. नजर खिळली, अंग ताठ झाले, शेपूट थांबले, की ती धाव घेण्याची पहिली पायरी. तेव्हाच त्याला नावाने हाक मारायची. त्याने पाखरावरून नजर काढून आपल्याकडे पाहिले की लगेच घास द्यायचा. मारायचे नाही, ओरडायचे नाही. ओरडले तर पिल्लूही घाबरते आणि पाखरेही. नातू रोज माझ्यावर सराव करतो. मी खिडकीबाहेर टक लावून बसायचे, त्याने हाक मारायची, मी वळलो की शेंगदाणा मिळतो. हसू येते, पण विचार केला तर आपल्या नामस्मरणाची रीत वेगळी कुठे आहे? मन विषयाकडे धावते, नाम त्याला हाक मारते, ते वळते, पुन्हा धावते. वळायला शिकलेले मनही मोकळे सोडायचे नसते, म्हणून तर रोजचा हरिपाठ. आमचाही तसाच नियम आहे: पिल्लू कितीही शहाणे झाले, तरी ते आणि पाखरे एका खोलीत कधीही एकटी राहणार नाहीत. एक वर्षाने नाही, दहा वर्षांनीही नाही.

माळकऱ्याच्या घरात त्याला खायला काय घालायचे, हाही प्रश्न निघाला. डॉक्टर म्हणाले, मांजराचे वेगळे, पण कुत्र्याला धान्य पचते. मात्र नुसत्या दूध-भाकरीवर पिल्लाची वाढ होत नाही. तयार शाकाहारी खाद्य मिळते, त्याला दही, पनीर आणि शिजलेल्या डाळीची जोड द्या, आणि वजन दाखवायला नियमाने आणा. कांदा आणि चॉकलेट वर्ज्य. मनुकाही वर्ज्य. म्हणजे प्रसादाच्या शिऱ्याला त्याने तोंड लावता कामा नये, हे नातवाने आईला दोनदा बजावले.

शेवटी प्रश्न उरला दिवसाचा. गणपतीत जन्मलेली पिल्ले दिवाळीला आठ आठवड्यांची होतात; त्याआधी आईपासून तोडू नये, असे डॉक्टरांचे सांगणे. नातवाला पाडव्यालाच पिल्लू हवे होते. पण त्यानंतर अकराच दिवसांत कार्तिकी. मी आणि सौभाग्यवती पंढरपूरला जाणार, घरात ८२ वर्षांची आई आणि नऊ वर्षांचे पोर. वारीचा नेम मोडायचा नाही आणि नवा जीव अशा हातांवर सोडून जायचा नाही. धनगर बाबांना विचारले, तर त्यांचा वाडा पौर्णिमा करून हलणार आहे. म्हणून ठरले की पहिली लस दिवाळीआधी टोचून घ्यायची, पिल्लू आपल्या आईजवळच राहील, आणि द्वादशीचे पारणे सोडून आम्ही परतलो की दुसऱ्या दिवशी त्याला आणायचे. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस. नातू आधी रुसला. आईने त्याला जवळ घेऊन सांगितले, "अरे, पांडुरंगानं पुंडलिकासाठी विटेवर वाट बघितली. तुला बारा दिवस जड जातात?"

आता तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज एक फुली मारतो आणि पाखरांना सांगतो की पाहुणा येणार आहे. पाखरांना त्यातले काही कळत नाही. पण रोज फाटक लावताना कडी नीट बसली का, हे तो दोनदा ओढून पाहतो. परवा आई मला हळूच म्हणाली, "पिल्लू येवो न येवो, पोरगं मात्र दुसऱ्याच्या जिवाला जपायला लागलं." आमच्या तयारीचे पहिले फळ पिल्लाच्या आधीच घरात आले, असे मला वाटते.

ज्यांच्या घरी असा योग येणार असेल, त्यांनी जीव आणण्याआधी जागा करावी, आणि जागा करता येत नसेल तर न आणणे हीही दयाच समजावी. पांडुरंगाने दोन्ही जीव आपल्या पदरात घातले, तर त्यांच्या मधली कडी लावणे हीसुद्धा त्याचीच सेवा आहे.

रामकृष्ण हरी.