सासवण्याचे शिल्पघर

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे गाव चिंतामणी गणपतीमुळे प्रसिद्ध आहे. तेथील मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून आपण गाभाऱ्याकडे जातो, हात जोडतो आणि मनातली चिंता देवापाशी ठेवून वर येतो. या चिंतामणीची स्थापना इंद्राने केली, अशी कथा सांगतात. परंतु मूर्ती घडविली कोणी, हे सहसा कोणी विचारीत नाही. देव समोर आला की मूर्तिकाराने बाजूला व्हावे, अशीच आपल्याकडची रीत आहे. भाद्रपदातील गणपतीची गोष्ट तर याहून पुढची. कारागीर महिनोन् महिने खपून मूर्ती घडवितो आणि दहा दिवसांत ती पाण्यात विरून जाते. त्याच्या हाताची खूण मागे उरत नाही.

अशा हाताच्या खुणा कोकणातील एका घराने जपल्या आहेत, असे ऐकले तेव्हा त्या पाहण्याची ओढ लागली. अलिबागपासून जवळच सासवणे हे गाव आहे. नारळी-पोफळीच्या सावलीत वसलेल्या या गावी विनायक पांडुरंग करमरकर यांचा १८९१ साली जन्म झाला. त्यांच्या घरी गणपतीच्या मूर्ती घडविल्या जात. मळलेल्या मातीतून देवाचे रूप कसे उगवते, हे त्यांनी बालपणीच पाहिले. पुढे त्यांनी गावच्या मंदिराच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र रेखाटले. ते जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्या गुणग्राहक अधिकाऱ्याने या मुलाला मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची वाट दाखविली. तेथून करमरकर कलकत्त्यास गेले, लंडनला जाऊन शिकले आणि नामवंत शिल्पकार झाले. १९२८ साली पुण्यात शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा उभा राहिला, तो त्यांच्याच हातचा. खेड्यातील भिंतीवर उमटलेली भक्ती आता धातूत उतरली होती.

१९६७ साली करमरकर निवर्तले. त्यांचे सासवण्याचे घर कुटुंबीयांनी शिल्पांसह जतन केले. तेच आज त्यांचे संग्रहालय आहे.

येथे देवमूर्तींपेक्षा माणसेच अधिक भेटतात. शंख फुंकणारी स्त्री आहे, कोळ्याची पोर आहे, हात जोडून नमस्कार करणारी मूर्ती आहे. कोणी नामवंत, तर कोणी साधी. सिमेंटमध्ये घडविलेली एक म्हैस तर अशी निवांत आहे की, आता ती कान हलवील असे वाटते. मी तिच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिलो. गणपतीच्या मूर्तीत डोळ्यांची आखणी शेवटी करतात. ती होईपर्यंत माती ही माती असते. आखणी होताच तीच माती आपल्याकडे पाहू लागते. म्हशीच्या त्या शांत मुद्रेसमोर मला त्या आखणीची आठवण झाली. देवाची मूर्ती करताना हाताला जी निष्ठा लागते, तीच या कलावंताने कोळ्याच्या पोरीला दिली, दारच्या जनावरालाही दिली. आणि म्हणूनच देवांची गर्दी नसलेल्या या घरात पावले आपोआप हळू पडतात.

ही शिल्पे एखाद्या महानगरातील दालनात गेली असती, तर ती कदाचित अधिक लोकांनी पाहिली असती. परंतु ज्या वाटेवरून माणसे डोक्यावर पाट्या घेऊन गेली, त्याच वाटेवर त्यांची रूपे उभी आहेत, याचे मोल निराळे आहे. सासवण्याच्या शाळेतील मुलाला कला दूर कोठेतरी असते, असे सांगावे लागत नाही. ती त्याच्याच गावात, एका अंगणात उभी आहे.

गावोगावी असे हात आजही माती मळीत आहेत. त्यांनी घडविलेली मूर्ती आपण भक्तिभावाने घरी आणतो आणि रिवाजाप्रमाणे तिचे विसर्जन करतो. ते योग्यच आहे. मात्र त्या हातांची ओळखही तिच्याबरोबर पाण्यात सोडण्याचे कारण नाही. मूर्ती घरी आणताना घडविणाऱ्याचे नाव एकदा तरी विचारावे, एवढे आपल्यापैकी प्रत्येकाला सहज करता येईल.