तीन मिलिमीटरचा फरक

‘फरक’ या शब्दाचा तुमच्या घरी काय अर्थ असेल तो असो, आमच्या बँकेत त्याचा एकच अर्थ होता : आज घरी जायला उशीर. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून जाडजूड लेजरं होती. एका संध्याकाळी अठरा पैशांचा फरक आला. मी खिशातून एक रुपया काढून म्हटलं, ‘‘हा घ्या, वरचे ब्याऐंशी पैसे बँकेला बक्षीस.’’ हेड कॅशियर माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागले, की तो रुपया मी तिजोरीतूनच काढला असावा. रात्री नऊला फरक सापडला. कुणीतरी 31 चे 13 केले होते. फरकाला नवानं भाग गेला की आकडे उलटे पडलेत असं समजावं, हे बी. कॉम.च्या तीन वर्षांत शिकलेलं एकमेव उपयुक्त ज्ञान. ते मला त्या दिवशी आठवलं नव्हतं, एवढंच.

आता सगळं कॉम्प्युटरवर आहे. पण सवय जात नाही. जेवताना पोळ्यांची संख्या आणि ताटांची संख्या मी मनात जुळवून बघतो. सौ. म्हणते, ‘‘एक दिवस वाढणं बंद करीन, मग बसा जुळवत!’’

तर आमचे चिरंजीव. बारावी कॉमर्सला आहेत, निदान फी त्याच वर्गाची भरतो. त्यानं वर्षभर पैसे साठवून एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली. तिला एक खोड होती. ती गुणगुणायची. वाजवा किंवा वाजवू नका, गणपतीच्या मांडवातल्या ट्रान्सफॉर्मरसारखा तिचा एक सूर लागलेलाच. ‘‘बाबा, पिकअप बदलायला पाहिजे,’’ चिरंजीव म्हणाले. पिकअप म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे बोईसरच्या एमआयडीसीत पिंपं भरून धावणारा टेम्पोच आला. पण हा पिकअप वेगळा. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरेडेनं 1831 साली शोधलेलं हे तत्त्व आमच्या तारापूरच्या अणुवीज केंद्रातही तेच आहे. फरक इतकाच, की त्यांनी 1969 साली दिवे लावले आणि आमच्या चिरंजीवांनी शेजारी जागे केले.

नवा पिकअप ‘हमबकर’ जातीचा होता. त्यात दोन वेटोळी उलट-सुलट जोडलेली असतात. बाहेरच्या विजेची गुणगुण दोघांतही शिरते, पण एकाची जमा ती दुसऱ्याची नावे होऊन शेवटी शून्य उरतं. तारांचा आवाज मात्र दोन्हीकडे जमाच! गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी 1955 साली याच्या पेटंटसाठी अर्ज केला. मला तर हे गृहस्थ मूळचे अकौंट्स खात्यातलेच वाटतात.

ओळखीच्या सुताराकडून खळगा मोठा करून चिरंजीवांनी स्वतःच्या हातानं पिकअप बसवला. गुणगुण बंद! पोरगं दोन दिवस खुशीत वाजवत होतं. तिसऱ्या दिवशी मी चष्मा लावून जवळ गेलो, आणि घात झाला. पिकअपवर सहा स्क्रू, वर सहा तारा. मधल्या तारा बरोबर स्क्रूंवरून जात होत्या, पण दोन्ही कडांच्या तारा स्क्रू सोडून बाहेरून निघाल्या होत्या. मी फूटपट्टी आणली. तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत 52 मिलिमीटरच्या वर, स्क्रू जेमतेम 49.

‘‘अरे, हे टॅली होत नाही!’’ मी म्हणालो. ‘‘घेताना मोजून घ्यायला नको?’’

मग कळलं, की गिब्सन पद्धतीच्या गिटारीत ब्रिजवर, सतारवाले ज्याला घोडी म्हणतात तिथं, तारा साधारण 50 मिलिमीटरात बसतात. फेंडर पद्धतीच्या गिटारीत त्या याहून फाकलेल्या असतात. तिच्यासाठी रुंद पिकअप वेगळे मिळतात. स्क्रूंऐवजी अखंड पट्टी असलेलेही मिळतात, म्हणजे वादच नको. पण सुतारानं कोरलेला खळगा घेऊन कोणता दुकानदार माल परत घेईल?

त्या दिवसापासून चिरंजीवांना प्रत्येक सुरात ते तीन मिलिमीटर ऐकू येऊ लागले. चौथ्या दिवशी गिटार पलंगाखाली गेली. घर शांत झालं. इतकं शांत, की सौ. म्हणाली, ‘‘गुणगुणत होती तेच बरं होतं.’’

मला रात्री झोप येईना. बारावीला मला अकौंट्समध्ये 49 मार्क पडले होते. पन्नासाला एक कमी कसा, हे वडील मला पुढे दहा वर्षं विचारत होते. बाकीचे 49 कुठून आले, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. आणि आता फूटपट्टी माझ्या हातात होती.

रविवारी चिरंजीवांना उठवलं आणि गिटार घेऊन डहाणू लोकल पकडली. पालघर ते बोईसर, मध्ये फक्त उमरोळी. तेवढ्यातही एकानं विचारलंच, ‘‘साहेब, भजनी मंडळ बदललं वाटतं?’’ बोईसरला आमच्या बँकेचे एक खातेदार आहेत, कारखान्यात टूलरूममध्ये फिटर. मूळचे जव्हारकडचे. त्यांनी व्हर्निअर लावून मोजलं. ‘‘साहेब, एकोणपन्नास पॉइंट पाच. तारा बावन्न पॉइंट चार.’’

‘‘म्हणजे चूकच ना, भाऊ?’’

‘‘कारखान्यात असतं तर जॉब रिजेक्ट केला असता. पण हे वाजवायचं ना?’’ ते हसले. ‘‘आमचा मामा तारपा करतो. आधी भोपळा बघतो, मग त्याच्या बेतानं बांबूच्या नळ्या कापतो आणि मेणानं बसवतो. भोपळ्याला कोण सांगणार, की बाबा, बावन्न मिलिमीटरच वाढ म्हणून?’’

त्यांनी स्क्रू ड्रायव्हरनं कडेचे दोन स्क्रू अर्धा-अर्धा फेरा वर काढले. म्हणाले, चुंबकाचं क्षेत्र काही सुईच्या टोकाएवढं नसतं, आजूबाजूलाही पसरलेलं असतं, मिलिमीटर-दीड मिलिमीटरनं त्याचं फारसं बिघडत नाही. मग मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. चिरंजीवांनी एकेक तार छेडली आणि मी ओळखायचं, कोणती तार स्क्रू सोडून जाते. सहाही तारा सारख्याच खणखणीत. मी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मधल्याच तारा सांगितल्या. मग चिरंजीव उभे राहिले. तेही चुकले. चुकल्यावर आठवड्यात पहिल्यांदाच हसले.

येताना गाडीत त्यानं आपणहून सांगितलं, की एडी व्हॅन हेलन नावाच्या अमेरिकन वादकानं अशाच गिटारीत गिब्सनचा पिकअप घातला होता, आणि तारा जुळाव्यात म्हणून तो सरळ तिरका बसवला होता. 1978 साली त्यांची पहिली रेकॉर्ड आली आणि जग वेडं झालं. ‘‘मग तू का नाही तिरका बसवलास?’’ मी विचारलं. ‘‘सुतारानं सरळच कोरलं ना, बाबा. आणि तेव्हा मला कुठं दिसलं होतं?’’ मी खिडकीबाहेर बघू लागलो. खिडकीबाहेर उमरोळी होतं.

बँकेत ज्या रकमेचा त्या दिवशी मेळ लागत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात आणि शटर ओढून लोक घरी जातात. ते तीन मिलिमीटर मी तिथंच टाकलेत. चिरंजीवांचे सहामाहीचे मार्कही सध्या तिथंच आहेत.

त्या रात्री गिटार पुन्हा वाजली. तासाभरानं शेजारचे काका दारात. मी मनाची तयारी केली. ‘‘गुणगुण अगदी बंद झाली हो!’’ काका म्हणाले. ‘‘आता गाणं स्पष्ट ऐकू येतं. त्याचं काही करता येईल का?’’